बर्फावर थांबलेला सौना

लेम्बितनं स्वतःचा सौना, म्हणजे वाफेनं अंघोळ करायची लाकडी खोपटी, स्वतःच जाळला, ही गोष्ट लेम्बित सोडून सगळ्या बेटाला मान्य होती. लेम्बितच्या मते सौना ‘जळला’. आपोआप, माणसाचे केस पिकतात तसा. धुराड्याला भेग पडली आहे हे त्याच्या बायकोनं, हेल्वेनं, त्याला गवत कापताना सांगितलं, बटाटे काढताना सांगितलं, सफरचंदं उतरवताना सांगितलं. दर वेळी तो म्हणाला, "बघतो." आणि खरोखर बघतही असे. खिशात हात घालून धुराड्यासमोर उभा राहायचा आणि समाधानानं परत यायचा. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी अंघोळ करता करता छत पेटलं आणि नवरा-बायको अंगावर फक्त साबण घेऊन कोबीच्या वाफ्यात येऊन उभी राहिली.

हेल्वे ओरडली नाही. आमच्याकडे बायका ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर नवऱ्यांना निदान सुगावा तरी लागला असता. तिनं बॅग भरली आणि खाडीपलीकडे मुख्य भूमीवर राहणाऱ्या बहिणीकडे, साल्मेकडे, निघाली. धक्क्यावर बोटीत चढताना एवढंच म्हणाली, "सौना बेटावर येईल त्या दिवशी मी येईन."

लेम्बितला हे वाक्य आवडलं. त्यात धुराड्याचा उल्लेख नव्हता.

साल्मेचा नवरा रूबेन सुतार आहे. त्यानं नाताळच्या आत स्वतःच्या अंगणात ओंडक्यांचा नवाकोरा सौना उभा केला. कपडे काढायला चिमुकली खोली, आत दोन पायऱ्यांचं बाकडं, दगड रचलेली शेगडी, जमिनीत सांडपाण्याला भोक. तळाशी घसरगाडीला असतात तशा दोन जाड लाकडी धावा ठोकल्या, कारण आमची बोट माणसं, पोस्टाच्या पिशव्या आणि फार तर एखादी बकरी नेते. सौना न्यायचा तर तो खाडी गोठल्यावर बर्फावरूनच. म्हणजे हेल्वे रोज सकाळी खिडकीतून जो सौना बघत होती, त्याच सौन्यासाठी ती घर सोडून बसली होती. मध्ये फक्त खाडी होती.

आणि त्या वर्षी खाडी गोठायला तयार नव्हती.

बर्फाचं बघणं हे आमच्याकडे वाम्बोलाचं काम. रस्तेवाल्यांनी त्याला त्यासाठी नेमलं आहे. रोज सकाळी तो लाथेनं ढकलायच्या घसरगाडीवरून खाडीत जातो, गिरमिटानं भोकं पाडतो, बर्फ किती जाड ते मोजतो आणि बर्फ पुरेसा झाला की दोन्ही बाजूंनी जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या रोवून रस्ता खुला करतो. त्या रस्त्यावर गाडीत पट्टा बांधून बसलेला माणूस दिसला की तो गाडी अडवून झापतो. गाडी बुडाली तर तुला बाहेर पडायचंय की गाडीसोबत राहायचंय, असं विचारतो. इतर वेळी वाम्बोला फारसा बोलत नाही. बोलायचं सगळं तो हिवाळ्यासाठी राखून ठेवतो.

जानेवारीभर लेम्बित रोज सकाळी त्याच्यासमोर जाऊन उभा राहत होता.

"किती?"

"पायी चालणाऱ्यापुरता."

"आणि सौन्यापुरता?"

"सौना चालतो का?"

"धावांवर आहे. वजन पसरतं."

"तुझं डोकंही पसरलंय लेका. घरी जा."

लेम्बित घरी जायचा. पण घरी जाणं आणि ऐकणं यांत फरक आहे. वाटेत तो प्रत्येक डबक्यावर टाच आपटून बघायचा आणि मान डोलवायचा. डबक्यांचा बर्फ उत्तम होता.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोन बातम्या एकदम आल्या. एक, पुढच्या आठवड्यात पाऊस. म्हणजे असेल नसेल तेवढा बर्फही जाणार आणि सौना पुढच्या हिवाळ्यापर्यंत पलीकडेच राहणार. दुसरी बातमी रूबेननं फोनवर दिली, सहज, लाकडाच्या ओलीबद्दल बोलता बोलता. हेल्वेनं तिच्या खोलीला पडदे लावले होते.

"कसले पडदे?" लेम्बितनं विचारलं.

"निळी फुलं आहेत. स्वतः शिवले."

त्या दुपारी लेम्बित माझ्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. आमच्याकडे मदत मागायची हीच रीत आहे: कुंपणाशी उभं राहायचं आणि आकाशाकडे बघायचं. बराच वेळ आकाश बघून झाल्यावर तो म्हणाला, "पडदे लावलेत."

"कुणी?"

"हेल्वेनं. शिवून."

 बाई पाहुणी म्हणून राहते तेव्हा असलेल्या पडद्यांवर भागवते. शिवायला घेतले म्हणजे खिडकी तिची झाली.

"शनिवारी जातोय आणायला," तो म्हणाला.

"हेल्वेला?"

"सौना. सौना आला की ती येते. तसं ठरलंय." मग आणखी थोडं आकाश बघून, "तुझ्याकडे लांब दोर आहे."

माझ्याकडे लांब दोर होता, हे मला नाकारता आलं नाही. बर्फ एवढं वजन पेलणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही. पण न मागितलेला सल्ला देणं हा आमच्याकडे कुणाच्या घरात न विचारता शिरण्यासारखा प्रकार समजतात. त्यामुळे मी "हं" म्हणालो. आमच्या बेटावरचे बरेचसे अपघात या ‘हं’पासून सुरू होतात.

शनिवारी सकाळी आम्ही पायी खाडी ओलांडली. बर्फ चांगला वाटत होता. काळा, काचेसारखा, खाली शेवाळ दिसेल इतका स्वच्छ. काळा बर्फ भरवशाचा. दुधट पांढरा दिसला की भरवसा निम्मा धरायचा, करडा दिसला की धरायचाच नाही. हे आमच्याकडे पोरंही जाणतात. लेम्बित पुढे पहारीनं ठोकत चालला होता. एक ठोका, कान देऊन ऐकणं, मग पाऊल. मध्ये खडकांची रांग आहे. तिथं पाण्याला ओढ असते आणि बर्फ नेहमी पातळ राहतो. तिथं आल्यावर पहारीचा आवाज बदलला. लेम्बितनं ऐकणं थांबवलं आणि ठोकणं चालू ठेवलं.

साल्मेच्या अंगणात सौना उभा होता. नव्या लाकडाचा वास सुटलेला. हेल्वे दारात आली. तिनं दोर पाहिला, मग मला पाहिलं, मग नवऱ्याला.

"वाम्बोलाला विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"पायी चालणाऱ्यापुरता आहे म्हणाला."

"मग?"

"मग मी पायीच चालणार आहे."

हेल्वे आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बर्फाचे खिळे होते. लाकडी मुठीचे दोन अणकुचीदार खिळे, दोरीनं एकमेकांना बांधलेले. माणूस पाण्यात पडला की ते बर्फाच्या कडेत रुतवून तो स्वतःला बाहेर ओढतो. ते तिनं माझ्या गळ्यात घातले.

"आणि मला?" लेम्बित म्हणाला.

"तुला दिले तर तू बघशील," ती म्हणाली आणि आत जाऊन तिनं निळ्या फुलांचे पडदे सरकवले.

रूबेननं आपली जाड टायरांची चारचाकी फटफटी दिली. चांगला दोर घ्या, लांब बांधा, थांबू नका, असं तो म्हणाला आणि लगेच संकोचून घरात गेला, कारण हे सल्ल्याच्या फार जवळ गेलं होतं. जाता जाता त्यानं शेगडीत बर्चची लाकडं मात्र रचून ठेवली. नवा सौना रिकाम्या शेगडीनं पाठवणं हे नवरी अनवाणी पाठवण्यासारखं आहे.

फटफटी पुढे, मागे दोराच्या टोकाला सौना, असे आम्ही निघालो. मी अंगावरचा कोट मोकळा ठेवून हळूहळू चालवत होतो. लेम्बित बाजूनं पहार घेऊन चालत होता. बर्फ गात होता. ओझं पुढे सरकलं की बर्फाच्या पोटातून लांबच लांब सूर निघतो, दूरवर कुणी जाड तार छेडल्यासारखा. गातोय तोवर ठीक असतं. अर्धी खाडी आम्ही असे सुरात पार केली. मला तर वाटायला लागलं होतं, की लेम्बितचं म्हणणं खरं असेल, वजन खरंच पसरत असेल.

मग खडकांची रांग जवळ आली. बर्फ दुधट झाला आणि गाणं बंद पडलं. त्याच वेळी बेटाच्या बाजूनं एक लाल ठिपका दिसला. वाम्बोलाची टोपी.

लेम्बितनं हात वर केला. "थांब."

"थांबायचं नाही," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातला हा पहिला न मागितलेला सल्ला. "लेम्बित, ओझं बर्फावर उभं करायचं नाही. चालतं असेल तर बर्फ सहन करतो. उभं केलं की खाली वाकायला लागतो."

"ठाऊक आहे. पण वाम्बोला येतोय."

"येऊ दे."

"तो अडवणार. सौना परत न्यायला लावणार. सोमवारी पाऊस. तिचे पडदे लागलेत." असं म्हणून तो सौन्याचं दार उघडून आत शिरला. थोड्या वेळानं धुराड्यातून पांढरा धूर वर आला.

मी फटफटी बंद करून धावत गेलो. तो शेगडीपुढे उकिडवा बसून फुंकर घालत होता.

"काय करतोयस?"

"पेटवतोय."

"इथं? मधोमध?"

"गरम सौन्यात भांडायचं नसतं," लेम्बित म्हणाला.

हे मात्र खरं होतं. सौन्यात आवाज चढवायचा नाही, कुणाला बोल लावायचे नाहीत, वाईट बातमी द्यायची नाही. आमचे आजोबा तिथं चर्चमध्ये वागतात तसे वागायचे. काही जण चर्चमधल्यापेक्षा बरे. खटल्यात समोरासमोर असलेले दोन भाऊ मी एका बाकड्यावर बसून एकमेकांना पाठीवर बर्चच्या डहाळ्यांच्या जुडीनं झोडपताना पाहिले आहेत, अतिशय प्रेमानं. बाहेर आल्यावर ते पुन्हा बोलेनासे झाले. लेम्बितचा डाव असा, की वाम्बोला यायच्या आत सौना तापला पाहिजे. एकदा तो आत येऊन बसला की त्याला ‘नाही’ म्हणता येणार नाही.

आणि वेळ भरपूर होता, कारण वाम्बोला सावध माणूस आहे. तो थोडं अंतर येई, थांबे, गिरमिट काढे, भोक पाडे, वाकून बघे, मान हलवे आणि पुन्हा निघे. त्याच्या सावधपणामुळे आमचा सौना तापत राहिला आणि आमच्याखालचा बर्फ वाकत राहिला.

वाम्बोला पोचला तेव्हा त्याचा चेहरा टोपीपेक्षा लाल झाला होता. वाऱ्यातून येताना त्यानं मोठं भाषण तयार केलं असावं. ओठ हलत होते. त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात त्याच्या नाकात बर्चच्या धुराचा वास गेला. त्यानं धुराड्याकडे पाहिलं. धुराड्याच्या तोंडाशी हवा थरथरत होती, म्हणजे दगड पुरते तापले होते.

"कुणी पेटवला?" त्यानं विचारलं.

"पेटला," लेम्बित म्हणाला.

वाम्बोला बराच वेळ उभा राहिला. त्याच्या आत सरकारी माणूस आणि बेटाचा माणूस यांची ओढाताण चालली होती. त्या दिवशी शनिवारही होता, म्हणजे सौन्याचाच दिवस. शेवटी त्यानं तोंड मिटलं आणि कोटाची बटणं काढायला लागला. बूट मात्र त्यानं बाहेर, दारापासून बरेच लांब नेऊन ठेवले, टोकं बेटाकडे करून.

"बाहेरचं दार लावायचं नाही," तो म्हणाला. "आतलंही फटीवर ठेवायचं."

"वाफ जाईल," लेम्बित म्हणाला.

"जाऊ दे."

आम्ही तिघं बाकड्यावर बसलो. लेम्बितनं दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ उठली, मऊ, भरीव, खांद्यांवर शाल पडावी तशी. रूबेननं काम चोख केलं होतं.

"चांगली वाफ आहे," वाम्बोला म्हणाला.

"दगड निवडून घातलेत."

"कळतं."

 वाम्बोलाला सांगायचं काय होतं ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, पण तो जिथं बसला होता तिथं ते सांगता येत नव्हतं. त्यानं दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला.

"माझ्या मामाचा एक घोडा होता."

"असं?" लेम्बित म्हणाला.

"मामानं एकदा घोडा बर्फावर उभा केला. पाइप पेटवायला. इथंच, खडकांजवळ."

"मग?"

वाम्बोलानं घाम पुसला. "चांगला घोडा होता."

लेम्बितनं समंजसपणे मान हलवली आणि आणखी एक पळी पाणी टाकलं. मी डोक्यावर तांब्याभर पाणी ओतून घेतलं. पाणी जमिनीवर पडलं, सांडपाण्याच्या भोकाकडे गेलं, तिथं जरासं घुटमळलं आणि परत आलं.

मी बघत राहिलो. भोकातून पाणी बाहेर येत होतं; हळूहळू, शिस्तीत, विहिरीला झरा फुटावा तसं. त्याबरोबर शेवाळाचा एक तुकडाही वर आला.

"पाय जरा गार पडलेत," मी म्हणालो.

"जमिनीला नेहमी गारवा असतो," लेम्बित म्हणाला.

"नवा सौना आहे," वाम्बोला म्हणाला. "लाकूड बसायला वेळ लागतो."

"बसतंय का?"

"बसतंय," वाम्बोला म्हणाला. "चांगलंच बसतंय."

आम्ही पाय वरच्या पायरीवर घेतले. तीन मोठे पुरुष, गुडघे हनुवटीला लावून, उघडेबंब, कोंबड्या दांडीवर बसतात तसे. खाली पाणी वाढत होतं. शेगडीचे पाय ओले झाले आणि फुस्स असा आवाज आला. कुणी काही बोललं नाही. मला खात्री होती, की वाम्बोला बोलेल. नंतर कळलं, वाम्बोलाला खात्री होती, की मी बोलेन, कारण मी शिकलेला आहे आणि शिकलेल्यांना रीतभात तशीही नसते. लेम्बित कशाची वाट बघत होता ते त्याचं त्याला ठाऊक. खाली बर्फानं एकदाच, घसा साफ केल्यासारखा, आवाज केला.

"अंघोळ झाली का?" बाहेरून कुणीतरी विचारलं.

हेल्वेचा आवाज. खिडकीचे पडदे तिनं लावले होते खरे, पण खाडीच्या मधोमध धूर दिसल्यावर पडदे लावून कोण बसेल? ती साल्मेची शिडी घसरगाडीवर टाकून, पहारीनं ठोकत ठोकत आली होती आणि चांगल्या अंतरावर, काळ्या बर्फावर उभी होती.

"ये ना आत," लेम्बित ओरडला. मग ओशाळून, आवाज खाली आणत, "वाफ चांगली आहे."

"तुमच्या भोवती तळं झालंय. सौना एका बाजूनं खचतोय. आता मी सांगते तसं करायचं."

ती आत नव्हती. तिला रीत लागू नव्हती. आम्हा तिघांच्याही खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं.

"एकेकानं यायचं. उभं राहायचं नाही. पोटावर झोपून सरपटत. दाराजवळ जो बसलाय तो आधी."

दाराजवळ वाम्बोला होता. "कपडे घेऊ का?" त्यानं अदबीनं विचारलं.

"कपडे कुणाला दाखवायचेत? ये."

खाडीच्या बर्फाचा अधिकृत राखणदार, अंगातून वाफा निघत असलेला, घोटाभर गार पाण्यातून पोटावर सरपटत गेला. हेल्वेनं सरकवलेली शिडी त्यानं पकडली, तिनं दुसरं टोक ओढलं. वाटेत त्यानं हात लांब करून स्वतःचे बूट उचलले. त्याच्यामागून मी. त्या पाण्याचं वर्णन करणार नाही. तापलेल्या पोटाला ते कसं लागतं हे सांगायला मला शब्द सुचायचे ते त्या वेळी सुचले, आणि ते हेल्वेसमोर बोललो त्याबद्दल मी तिची माफी मागितली आहे.

"लेम्बित," हेल्वेनं हाक मारली.

लेम्बितचं डोकं दारात दिसलं. तो मागे वळून बघत होता. "धुराड्याची झडप लावून येतो. नाहीतर सगळी ऊब—"

"लेम्बित."

बस, एवढंच. वर काही नाही. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. त्याचा ‘बघतो’ ओठांपर्यंत आलेला मला दिसला. त्याचा एक हात आत, झडपेच्या दिशेनं होता. सौना कुरकुरला. मग लेम्बितनं हात काढला, पोटावर झोपला आणि निमूटपणे आला. तो शिडीपाशी पोचतो न पोचतो तोच मागे बर्फ फाटला. मोठा आवाज झाला नाही. ओलं कापड टरकावं तसा. सौन्याची एक धाव खाली गेली, मग दुसरी. सौना कलला, थोडा फिरला, खिडकीपर्यंत पाण्यात बसला आणि तरंगायला लागला. ओंडक्यांचाच तो. धुराड्यातून धूर निघतच होता.

दोर हेल्वेनं आल्या आल्या फटफटीपासून सोडून ठेवला होता. नाहीतर तीही सौन्यामागे ओढली गेली असती; आम्हाला ते सुचलं नव्हतं.

तिनं घसरगाडीवरून गोधड्या काढून वाम्बोलाला आणि मला दिल्या. लेम्बितच्या अंगावर तिनं निळ्या फुलांचे पडदे टाकले.

"काढलेस?" लेम्बित म्हणाला. दात वाजत होते, पण चेहरा उजळला.

"घरात गोधड्या दोनच होत्या."

चांगल्या बर्फावर, बेटाच्या वाटेला लागेपर्यंत, ती आमच्याबरोबर आली. प्रत्येकाला एकमेकांपासून लांब चालायला लावलं आणि कुणी जवळ आला की पहार रोखली. मग ती थांबली.

"चल ना घरी," लेम्बित म्हणाला.

"सौना बेटावर आलाय?"

लेम्बितनं मागे बघितलं. "अर्धा आलाय."

"मग मीही अर्धीच आले." तिनं पहार खांद्यावर घेतली. "आणि ऐक. वाम्बोला हो म्हणेपर्यंत बर्फावर पाऊल टाकायचं नाही. मला भेटायला नाही, सौना बघायला नाही, विजार आणायला नाही."

लेम्बितनं तोंड उघडलं. वाम्बोलानं आणि मी श्वास रोखला.

"बरं," लेम्बित म्हणाला.

सोमवारी पाऊस आला, सांगितल्याप्रमाणे. मग पुन्हा थंडी पडली आणि सौना होता तिथं गोठून बसला, जरासा वाकडा, टोपी कलती करून बसलेल्या दारुड्यासारखा. दोन्ही किनाऱ्यांवरून तो दिसत होता. लेम्बितच्या स्वयंपाकघरातून तर सरळ समोरच. लेम्बित रोज सकाळी वाम्बोलाकडे जायचा.

"किती?"

"नाही."

"बरं."

आणि घरी यायचा. पहिल्या दिवशी कुणाचं लक्ष गेलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी लोक खिडक्यांत उभे राहून बघायला लागले. लेम्बित जातो, विचारतो, परत येतो. डबक्यावर टाच आपटत नाही. दरम्यान पोस्टमन खडकांना मोठा वळसा घालून पलीकडे जाऊन आला. कुणीसं सौन्यापर्यंतही जाऊन आलं आणि आमच्या विजारी घेऊन आलं. फळकुटासारख्या कडक झालेल्या, भिंतीला टेकवून उभ्या करता येतील अशा. वाम्बोला त्या सगळ्यांना झापत होता आणि ते सगळे खांदे उडवत होते. मी लेम्बितला कुंपणाशी म्हणालो, "पोस्टमन गेला की. तूही वळसा घालून जाऊन ये. एवढी बायको आहे तिकडे."

"वाम्बोला नाही म्हणाला," लेम्बित म्हणाला.

मी आत जाऊन बायकोला सांगितलं, की लेम्बितला बरं नाही.

खाडीपलीकडे हेल्वेही रोज वाम्बोलाला फोन करत होती, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. ती बर्फाचं विचारायची, मग लेम्बितचं. वाम्बोला दोन्हींचं उत्तर मोजून द्यायचा. बर्फ इतका. लेम्बित आला होता, परत गेला.

मार्चमध्ये एका सकाळी, ऊन स्वच्छ पडलेलं असताना, लेम्बित नेहमीप्रमाणे वाम्बोलापाशी आला. मी माझी बोट खरवडत जवळच होतो.

"किती?"

"तूच बघ," वाम्बोला म्हणाला आणि खाडीकडे बोट दाखवलं.

त्यानं पहाटे पायवाटेसाठी जुनिपरच्या फांद्या रोवल्या होत्या. त्या फांद्यांच्या रांगेतून एक बाई येत होती. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पहार. एक ठोका, थांबणं, मग पाऊल. खडकांना तिनं लांबून वळसा घातला. सौन्याजवळून गेली पण थांबली नाही.

लेम्बित बर्फाच्या कडेला उभा होता, बुटांची टोकं बरोब्बर किनाऱ्याच्या रेषेवर. वाम्बोला हो म्हणाला आहे की नाही, हे त्याला नक्की कळलं नव्हतं. म्हणून तो पुढे गेला नाही. हेल्वेनं ते लांबूनच पाहिलं असावं, कारण शेवटचं अंतर ती जरा घाईनं आली, जे बर्फावर ती कधी करत नाही.

"सौना तर तिथंच आहे," लेम्बित म्हणाला.

"दिसला मला."

"मग?"

"इतके आठवडे तू आला नाहीस."

लेम्बितचा चेहरा पडला. "वाम्बोला नाही म्हणत होता. मी रोज विचारत होतो. विचार त्याला."

"विचारलं," हेल्वे म्हणाली आणि बॅग त्याच्या हातात दिली.

दुपारी तो कुंपणाशी आला आणि नेहमीपेक्षा कमी वेळ आकाश बघितलं.

"बायकांचं काही कळत नाही बघ," तो म्हणाला. "जिवावर उदार होऊन आणायला गेलो तेव्हा आली नाही. घरात बसून राहिलो तर आपली आपण आली."

"हं," मी म्हणालो.

"तुझा सौना तापवलास का?"

"तापवतोय."

"आम्ही दोघं येऊ?"

मी हो म्हणालो. लेम्बित वळला, दोन पावलं गेला आणि पुन्हा थांबला.

"हेल्वेला विचारून सांगतो," तो म्हणाला.